पानं मिटतात, त्यात बघायचं काय?

‘संध्याकाळी पानं मिटतात, सकाळी उघडतात. त्यात रात्ररात्र बघायचं काय?’ तुम्ही विचारलंत म्हणून, शेवटचं सांगतो.

संध्याकाळ झालीच नाही तरी मिटतात, म्हणून. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात ठेवली, तरी तिची उघडझाप चालूच राहिली. ‘हे माहीत आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा घरी करून बघावं.

लाजाळू मात्र घेऊ नका. कुंडीला धक्का लागला तरी मिटते. ती झोपली की दचकली, कळत नाही. तरोटा घ्या. श्रावणात नागपुरात कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर असतो. भाजीला निबर झालेला, पण फुलावर न आलेला बघा, मातीच्या गोळ्यासकट सहा इंची कुंडीत लावा, आठवडाभर रुळू द्या. पानात पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, त्यातली मधली धरा. मागे काळा चार्ट पेपर, पानाचं टोक मोबाइलकडे, दर वीस मिनिटांनी फोटो. कोन दोन पर्णिकांमधलाच मोजा. देठ स्वतःही हलतो, कुंडीच्या काठापासून मोजलं तर दोन हालचालींची खिचडी होते. खुणेला दोरा बांधू नका, वजनाने पर्णिका ओढली जाते. आणि कुंडी कोरडी पडली तर पर्णिका भर दुपारी झुकतात, ती झोप नव्हे.

आता टाळत आलो ते. अंधारातली माझी पहिली नोंद फुकट गेली. कपाटात कुंडी, फटींवर काळा टेप, आणि कोन बघायला दार उघडून टॉर्च. चौथ्या दिवशीही आलेख कसा, बरोब्बर चोवीस तासांचा! फार खूश झालो होतो. तिथेच शंका यायला हवी होती. झाडाचं आतलं चक्र, म्हणजे त्याचं घड्याळ, नेमकं चोवीस तासांचं नसतं; ते मोकळं सुटलं असतं, तर मिटण्याची वेळ रोज थोडी सरकली असती. सरकली नाही, कारण टॉर्च दिवसा दर तासाला मारायचो आणि रात्री मला झोप लागायची. त्या तरोट्याला दिवस-रात्र मीच पुरवत होतो.

दुसऱ्यांदा टॉर्च बंद, दार बंद, दिवसातून एकदाच डोकावणं, तेही दरवेळी वेगळ्या वेळी. तिसऱ्या दिवशी पर्णिका अर्ध्यावर अडकल्या. वहीत लिहिलं, ‘घड्याळ थांबलं.’ आज तसं लिहिणार नाही. पर्णिकेच्या बुडाशी फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियम आणि पाठोपाठ पाणी शिरतं, दुसऱ्या बाजूच्या पेशी रित्या होतात, म्हणून पर्णिका वळते. या उपशाला ताकद लागते, आणि अंधारात अन्न तयार होत नाही. मग घड्याळ थांबलं की नुसते काटे? वहीवरून सांगता येत नाही.

सध्या कुंडी मंद, न विझणाऱ्या दिव्याखाली आहे. मिटण्याची वेळ रोज सरकतेय. खोली दुपारी तापते, रात्री निवते, ते अजून आवरलेलं नाही. त्यामुळे किती सरकते त्या आकड्यावर माझा पुरता विश्वास नाही.