सांधण दरी : 'बिगिनर फ्रेंडली' म्हणणाऱ्यांनी आधी करोली घाट चढून दाखवावा

सरळ मुद्द्यावर येते. सांधणला जायचं असेल तर जरूर जा, जागा जबरदस्त आहे यात वादच नाही, पण दरीत उतरल्यावर बाहेर कुठून पडायचंय हे पैसे भरायच्या आधी विचारा. आम्ही ज्यांच्याकडे बुकिंग केलं त्यांच्या जाहिरातीत 'कॅन्यन कॅम्पिंग, पाण्याकाठी टेंट, बिगिनर फ्रेंडली, सगळं धरून २८००' एवढंच होतं. करोली घाट, म्हणजे तळातून परत वर चढायची वाट, हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते दरीच्या तळाशी, दुपारी तीन वाजून गेल्यावर, पाठीवर भिजलेली सॅक असताना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकोले तालुक्यात रतनगडाच्या शेजारी साम्रद गाव आहे, तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की सह्याद्रीच्या कातळाला पडलेली ही भेग सुरू होते. दोन्ही बाजूला दोन-तीनशे फूट उभ्या भिंती आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आता महत्त्वाचं, साम्रद घाटमाथ्यावर आहे आणि दरी संपते ती कोकणात, म्हणजे खालचं गाव डेहणे, ते शहापूर तालुक्यात, ठाणे जिल्हा. म्हणजे तुम्ही एका दिवसात अख्खा सह्याद्री उतरताय, आणि गाडी वर साम्रदला उभी असेल तर अख्खा सह्याद्री परत चढायचाय, त्याच दिवशी, पाय आधीच गेलेले असताना. 'व्हॅली ट्रेक' म्हणून विकताना हे कोणी सांगत नाही.

फोटोंचं पण ऐकून ठेवा. जाहिरातीत धबधबेच धबधबे होते, वाऱ्याने उलटा वर उडणारा धबधबा, घाटघरचा कडा, ढग. ते सगळं जुलै-ऑगस्टमधलं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरीत उतरता येत नाही, सगळ्या डोंगराचं पाणी त्याच भेगेतून खाली जातं. म्हणजे धबधबे हवेत तर पावसात या आणि वरूनच बघा, दरी हवी तर दिवाळीनंतर या. दोन्ही एका ट्रिपमध्ये मिळतं म्हणून कोणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो, उलट्या धबधब्याच्या जागी ओला कातळ होता आणि तिथे लोक रिकाम्या कड्याबरोबर सेल्फी काढत होते.

डोंबिवलीहून आम्ही रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडली, पुढे कसाऱ्याहून जीप, घोटी-शेंडी करत पहाटे साम्रद. रात्रीचा घाट आहे, झोप विसरा. गावाबाहेरच्या माळावर टेंट लावलेले होते, दीड-दोन तास पाठ टेकली, चहा-पोहे झाले. इथपर्यंत छान.

साडेसातला निघायचं ठरलेलं, निघालो साडेनऊला. कारण लीडर पैसे गोळा करत होता. 'सगळं धरून' मध्ये दोराचे तीनशे नव्हते, डोहातल्या ट्यूबचे दोनशे नव्हते आणि फॉरेस्टचे दीडशे नव्हते. वाद घातला तर म्हणे मॅडम सगळे देतायत. सगळे देत होते कारण रात्रभर प्रवास करून आलेला माणूस सकाळी तिथून जाणार कुठे! वर हुकूम असा की सगळं सामान पाठीवर घ्या, स्लीपिंग बॅग, मॅट, जाड जॅकेट सगळं, कारण मुक्काम खाली दरीत.

दरीच्या तोंडाशीच पिण्याच्या पाण्याचा झरा आहे, तिथे बाटल्या काठोकाठ भरून घ्या, पुढे लवकर भरवशाचं पाणी नाही. मग डोह येतात. पहिला मांडीपर्यंत, दुसरा माझ्या छातीपर्यंत, आणि तिथे ऊन कधी पोचतच नसल्यामुळे पाणी इतकं गार की श्वास अडकतो. सॅक डोक्यावर धरून जायचं नाटक करू नका, तळाला गोटे आहेत, पाय सरकला की सॅकसकट आत. ट्यूबवर सॅक ठेवून ढकलत नेतात ते बरोबर आहे. आतल्या प्रत्येक वस्तूला जाड प्लॅस्टिकची पिशवी, रेनकव्हरचा इथे काडीचा उपयोग नाही. या सगळ्या भागाबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात, मी लिहिणार नाही, सुंदर आहे, फार अवघड नाही, बघाल तेव्हा कळेल.

पहिलं रॅपलिंग, म्हणजे दोराला लटकून कडा उतरणं, चाळीस-पंचेचाळीस फुटाचं. शनिवारी गेलात तर तिथे रांग असते, आमच्या पुढे दोन ग्रुप होते आणि आम्ही ओल्या कपड्यात सावलीत दोन तास कुडकुडत बसलो. नोव्हेंबरात. रॅपलिंग स्वतः दहा मिनिटांचं काम आहे. गाईड साम्रदचाच मुलगा, त्याने माझी सॅक उचलून बघितली आणि विचारलं, "ताई, एवढं ओझं कशाला घेतलंय?" मी म्हणलं, अरे दादा रात्रीचा मुक्काम आहे ना खाली. त्याने एकदा लीडरकडे बघितलं आणि दोर आवळायला लागला. तेव्हाच समजायला हवं होतं म्हणा, पण माझे दात वाजत होते.

त्यानंतर अजून दोन छोटे दोराचे टप्पे आणि मग सुरू होतो तो खरा त्रास. शिळा. घराएवढ्या, रिक्षाएवढ्या, टीव्हीएवढ्या, एकावर एक पडलेल्या, मध्ये फटी, त्यात सुटा घसारा. पायवाट नावाची गोष्ट नाही. बसून घसरायचं, उडी मारायची, सॅक आधी खाली सोडायची, मग आपण. हे तासनतास. गुडघे दुखतात असं म्हणणाऱ्या माणसाने इथे येऊ नये, मी गंमत करत नाहीये. आमच्यातल्या एकीचा बूट फटीत अडकून त्याचा सोल निघाला, तो दोरीने बांधून पुढे आणली. पाठीवर आठ-नऊ किलो असतील तर प्रत्येक उडीला तोल मागे जातो, आणि हलक्या डे-पॅकवाले दोन ग्रुप आम्हाला सहज मागे टाकून गेले. ते जाताना आमच्या मॅटकडे बघत होते. मागे वळून बघितलं की दोन भिंतींमधली आकाशाची पट्टी, पुढे बाण नावाचा सुळका, सगळं भारी, पण मी बहुतेक वेळ स्वतःच्या पायाकडेच बघत होते.

तीन-सव्वातीनला खालच्या पाण्याच्या कुंडांपाशी आलो. मस्त जागा आहे, नितळ पाणी, सपाट कातळ. आम्ही सॅक टाकल्या, काहींनी बूट काढले, आणि लीडर म्हणतो फार वेळ थांबू नका, आपल्याला करोली घाटाने वर जायचंय. अहो मुक्काम? मग बाहेर आलं की दरीत रात्र काढायची परवानगी घेतलेलीच नव्हती, फाडलेली पावती नुसती दिवसाच्या प्रवेशाची होती. म्हणे वरच करू ना कॅम्प, सेमच फील येतो. म्हणजे स्लीपिंग बॅगा, मॅट, जॅकेटं साम्रदहून खाली कोकणापर्यंत फिरवून आणली आणि आता तीच परत साम्रदला न्यायची होती. माझा नवरा एरवी कोणाला आवाज चढवून बोलत नाही, त्या दिवशी बोलला.

तर हे नीट लक्षात ठेवा, अभयारण्य आहे, आत रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी लागते. परवानगी आहे असं कोणी सांगितलं तर कागद दाखवा म्हणा, फोनवर फोटो मागवा. कागद नसेल आणि परत साम्रदलाच यायचं असेल तर सॅक गावात ठेवून हलके उतरा.

तळापासून दोन रस्ते. एक डेहण्याकडे, दोनेक तास, बराचसा उताराचा आणि सरळ, पुढे जीपने डोळखांबवरून आसनगाव स्टेशन, तिथून लोकल. दुसरा करोली घाट. घाट म्हणजे गाडीचा नव्हे, कोकण आणि घाटमाथ्यामधली जुनी पायवाट. आमची जीप वर, उरलेलं सामान वर, त्यामुळे डेहण्याचा पर्यायच नव्हता.

आधी ओढ्यातून परत तसलेच धोंडे, मग जंगल, मग चढ. आणि चढ म्हणजे चढच. तीन तास लागतात म्हणाले, फ्रेश माणसाला लागत असतील. जंगलात वारा नाही, कारवी डोक्याच्या वर, वाटेवर सुकलेला पाला आणि खाली सुटे दगड. पाणी संपत आलेलं, कारण खालच्या कुंडावर भांडणाच्या नादात निम्म्यांनी बाटल्या भरल्याच नाहीत. सहा वाजता अंधारलं. अठरा जणांत टॉर्च निघाले सहा, बाकीचे मोबाईलच्या उजेडावर, म्हणजे एक हात कायम अडकलेला, आणि मध्ये एक छोटा कातळटप्पा येतो जिथे दोन्ही हात लागतात. दिवसाउजेडी तो काहीच नाही. अंधारात, खाली काय आहे दिसत नसताना, पोटऱ्यांत गोळे आलेली माणसं एकेक करून वर घेताना पाऊण तास गेला. तो साम्रदचा मुलगा नसता तर आम्ही रात्रभर तिथेच होतो. लीडर सगळ्यात पुढे निघून गेलेला, 'वर जेवणाचं बघतो' म्हणून. वर पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा. ज्या घरी जेवण होतं तिथल्या काकूंनी आधी गरम पाणी दिलं आणि मग ताट. मला त्या क्षणी सांधण जगातली सर्वोत्तम जागा वाटत होती हे पण खरं सांगते, त्यामुळे माझ्या शिव्या थोड्या कमी करून वाचा. पण थोड्याच.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, कोरीवकाम फार देखणं आहे, भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी लोळलो. रंधा धबधबा बघायला मुद्दाम जाणार असाल तर धरणातून पाणी सोडलंय का ते शेंडी गावात विचारा, नाहीतर पावसाळ्यानंतर तिथे कठडा आणि मक्याची कणसं एवढंच आहे.

आता परत जायचं झालं तर मी काय करेन. मुंबई-पुण्यातल्या कोणाला पैसे देणार नाही. साम्रदमध्ये गाईड, दोर, हार्नेस, हेल्मेट, ट्यूब, जेवण, टेंट सगळं मिळतं, गावातली मुलंच हे सगळं करतात, आमच्या त्या मुलाला दिवसभराचे पाचशे मिळाले असं त्याने स्वतः सांगितलं. अठरा जणांचा हिशोब तुम्हीच करा. आधी फोन करून ठरवा, एकूण किती आणि त्यात काय काय हे आकड्यात विचारा, आणि दोर किती जुना आहे हे विचारायची लाज बाळगू नका. शक्यतो आठवड्याच्या मधला वार धरा. सकाळी सातला दरीच्या तोंडाशी असलात तर रॅपलिंगची रांग चुकते. आदल्या तीन-चार दिवसांत पाऊस झाला असेल, किंवा वर नुसतं आभाळ भरून आलं असेल, तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील पण उतरू नका, त्या भेगेत पाणी वाढलं तर बाजूला व्हायला जागाच नाही.

बाहेर पडायचं ते डेहण्याने. त्यासाठी सामान कमी ठेवा, साम्रदला काही मागे ठेवू नका आणि जीप आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, संध्याकाळी डेहण्यात थकलेला ग्रुप दिसला की भाव दुप्पट होतो, हे आम्हाला दुसऱ्या ग्रुपने सांगितलं, ते माणशी चारशे देऊन गेले होते. करोली चढायचाच असेल तर अट एकच ठेवा, दुपारी एकच्या आत तळाच्या कुंडांपाशी पोचलात तर चढा, नाहीतर डेहणे. गाडी नंतर आणता येते.

प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा टॉर्च, सेल नवीन. तीन लिटर पाणी, ओआरएस, कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत बंद. बायकांसाठी सांगते, डोहानंतर कपडे बदलायला आडोसा नाही, लवकर वाळणारे घालून जा, जीन्स घातलेली एक मुलगी संध्याकाळपर्यंत मांड्या सोलून घेऊन आली. आणि बुटांचा सोल घरीच वाकवून, ओढून बघा. शिवलेला असेल तर घाला, नुसता चिकटवलेला असेल तर पाण्यातून बाहेर आल्यावर तो तुमचा राहिला नाही.