“पण ते खरं आहे ना!”

“अगं, पण ते खरं आहे ना! मग चूक कसं?”

चार वाजता क्लॅट, म्हणजे कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा, सुटली आणि गेटबाहेर स्कूटरच्या सीटवरच उत्तरं जुळवणं सुरू झालं. आधी पाच मिनिटं नुसता गोंधळ. एकीचा ए सेट, दुसरीचा सी. मग तेराव्याचं उत्तर जुळणार कसं? क्रमांक सोडून प्रश्नाची पहिली ओळ धरायची, हे सुचेपर्यंत एकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

मग गाडी अडली एका पर्यायावर. विधान अगदी खरं, वर्तमानपत्रात रोज छापून येतं तसलं. पण इंग्रजीच्या उताऱ्याचा लेखक ते म्हणतच नव्हता. त्याने ते विरोधकांचं मत म्हणून मांडलं होतं आणि पुढच्याच परिच्छेदात एका ‘हाउएव्हर’ने उलटवलं होतं. साडेचारशे शब्द धावत वाचले की तो ‘हाउएव्हर’ हमखास निसटतो. तसाच दुसरा सापळा: उताऱ्यात ‘सम’, पर्यायात ‘ऑल’.

इंग्रजीचे एकूण २२ ते २६ प्रश्न, चुकीला ०.२५ गुण वजा. दोन पर्याय उरले असतील तर ठोकून द्यावं, हिशेब आपल्याच बाजूने असतो. पण ‘खरं आहे ना’ म्हणणाऱ्या हिने ठोकलं नव्हतं. खात्रीने गोल काळा केला होता. सामान्य ज्ञान पक्कं असलेली मुलंच इथे जास्त घसरतात.

ओएमआरची, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची, कार्बन प्रत घडी घालत ती पुटपुटली, “म्हणजे मला माहीत होतं, म्हणून चुकलं?”

काय सांगायचं हिला?