तुम्ही विचारलंत म्हणून: पडून राहिलेलं मशीन परत चालेल का?

वेसावे, मढ, खारदांडा अशा कोळीवाड्यांतून मला एकच प्रश्न सारखा येतो. "बाबांचं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन, कित्येक वर्षं पडवीत पडून आहे. चालू होईल का, की दारूखान्याच्या भंगार बाजारात देऊन टाकू?"

त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: ते बंद कसं पडलं होतं?

आचके देत बंद पडलं असेल, किंवा मोठी बोट घेतली म्हणून नुसतं उचलून ठेवलं असेल, तर त्यात बहुतेक वेळा जीव असतो. पाण्यात बुडालं होतं आणि तसंच पुसून ठेवलं असं कळलं, की माझी आशा निम्मी होते. आत राहिलेलं खारं पाणी बेअरिंग आणि क्रँक (आतला मुख्य दांडा) खात बसतं, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मशीन समुद्रात पडलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, स्पार्क प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढा, ऑइल घाला आणि चालू करा. तेवढं लगेच जमणार नसेल तर मेकॅनिककडे नेईपर्यंत मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. विचित्र वाटेल, पण मीठ आणि हवा एकत्र आली की गंज फार वेगाने धरतो.

पडून राहिलेल्या मशीनची दोरी आल्या आल्या ओढू नका. कोरड्या सिलिंडरवर रिंगा घासल्या जातात. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवून बघा, आणि तेही मशीन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, कारण उलटं फिरवलं तर खालच्या पंपातल्या इंपेलरची, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या रबरी चाकाची, पाती दुमडतात. अडकलं असेल तर जोर करू नका, आणखी ऑइल घालून थांबा. ते मोकळं फिरायला लागलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरांत फरक किती आहे, हे मी आधी बघतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एकात १२० पीएसआय (दाबाचं माप) आणि दुसऱ्यात ७० असेल, तर हेड उघडावंच लागेल. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं, तो आकडा बघून घाबरू नका.

प्लगला स्पार्क येत नसेल तर लगेच कॉइल (ठिणगीसाठी करंट देणारा भाग) बदलायला धावू नका. आधी स्टॉप स्विचची वायर सोडवून बघा. मिठाने तो स्विच आतल्या आत शॉर्ट झालेला असतो, आणि चांगली कॉइल उगाच फेकली जाते.

खरा घोळ इंधनाचा. राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ उरते, तीच इंधन सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक बुजवते. ते भोक तारेने कोरू नका, मोठं झालं की मिश्रण बिघडतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि मशीन नेमकं तेच आधी पितं. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदाही या पेट्रोलने लवकर खराब होतो, म्हणून ते नवेच घाला. १ जूनला मासेमारी बंदी लागून होड्या वर ओढल्या, की मशीन पाण्याच्या पिंपात चालू करून इंधनाचा पाइप काढा आणि कार्ब्युरेटर रिकामं होऊन ते आपोआप बंद होऊ द्या. रॉकेलवर चालणारं असेल तर बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवा. टू-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल आऊटबोर्डचंच हवं, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं. मोटरसायकलचं टू-स्ट्रोक ऑइल यात घालू नका.

मशीन पहिल्यांदा धडधडलं की घरातले सगळे खूश होतात. माझं लक्ष तेव्हा बाजूच्या छोट्या भोकाकडे असतं. तिथून पाण्याची धार येतेय का? येत नसेल तर मी त्याच क्षणी बंद करतो. थंड करणारं पाणी वर चढलं नाही तर पिस्टन जाम होतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीएवढा होतो. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून इंपेलरचं रबर वाकडं होऊन कडक झालेलं असतं, म्हणून ते न तपासता नवंच घालायचं. मालाडच्या खाडीत चालणाऱ्या मशीनचं तर दर हंगामाला उघडून बघायचं, कारण तिथला गाळ रबर झिजवतो आणि प्लास्टिकच्या पिशव्या पाणी आत घ्यायच्या जाळीवर चिकटतात. नवीन इंपेलर घालूनही धार बारीक राहिली, तर थर्मोस्टॅट आणि आतल्या वाटा मिठाने भरल्या आहेत असं समजा. आणि पाण्याबाहेर एक मिनिटही चालवायचं नाही.

गिअर ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर खालचं सील जाऊन आत पाणी शिरलंय. सील आणि बेअरिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मापावरून किंवा नंबरावरून मिळून जातात. गिअरचे दात तुटले असतील तर गोष्ट वेगळी. इव्हिनरूडसारख्या जुन्या कंपनीनेही २०२० मध्ये आऊटबोर्ड बनवणं थांबवलं, त्यामुळे मोठा सुटा भाग शोधताना फार वणवण होते. क्रँक खाल्ला गेला असेल किंवा ब्लॉकला चीर असेल, तर मी स्पष्ट सांगतो, यात पैसे घालू नका. बाकी बहुतेक मशीन वाचवण्यासारखी असतात. खाडीत एकट्याने जाळं टाकणाऱ्या माणसाला नवीन मशीनचा पैसा उभा करणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी सहजासहजी "भंगारात द्या" म्हणत नाही.

पिंपात नीट चाललं तरी पहिली फेरी भरती चढत असताना मारा. मशीन बंद पडलंच तर पाणी तुम्हाला किनाऱ्याकडे आणेल, ओहोटीत तेच पाणी बाहेर नेतं. होडीत वल्हं, नांगर आणि सोबतीला दुसरा माणूस असल्याशिवाय निघू नका.