फोन येतो, पण लागत नाही

सोमवारी सकाळी नऊला नेहमीसारखा लॅपटॉप उघडला, हेडफोन लावला आणि यादीतलं पहिलं नाव काढलं. नारायण पेठेतल्या आजी, वय ८४, घरात एकट्या. आमचा छोटा गट एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज सकाळी फोन करतो. झोप लागली का, गोळी घेतली का, दूध आलं का, एवढंच विचारायचं. माझ्याकडे अकरा जण आहेत. फोन जातात ते गटाच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरून. आम्ही आपापल्या घरून लॅपटॉपवरच्या फोनच्या प्रोग्रॅममधून त्याला जोडलेले असतो. त्यामुळे समोरच्याला कायम ऑफिसचाच नंबर दिसतो. आमच्या कामात ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण अनोळखी नंबर उचलू नका असं आम्हीच सगळ्यांना बजावून सांगितलंय.

आजींचा नंबर लावला. रिंग नाही, एंगेज टोन नाही, काहीच नाही. बराच वेळ शांतता आणि मग पडद्यावर 'रिक्वेस्ट टाइमआउट'. पुन्हा लावला, तेच. यादीतल्या दुसऱ्या आजोबांना लावला, तेच. खात्यासमोरचा ठिपका मात्र हिरवा, म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडलेला आहे. मोबाइलवरून आजींना लावून पाहिलं, त्यांनी उचलला नाही. शिकवलं होतं तशाच वागल्या.

टेलिफोन खात्यात मी ३४ वर्षं काढली. बिल थकलं की आमच्याकडे आधी 'ओजी' बंद करायचे: येणारे फोन चालू, जाणारे बंद. त्यामुळे मनात पहिली शंका पैशांचीच आली. बिबवेवाडीच्या एक ताई आमच्यातच काम करतात, त्यांना मोबाइलवर विचारलं. त्यांचे फोन धडाधड लागत होते, म्हणजे ऑफिसच्या खात्यात शिल्लक होती. माझ्या यादीतल्या इन्सुलिनवाल्या दोघांना त्यांनी लगेच फोन केले, बाकीचे त्यांची स्वतःची यादी संपल्यावर करणार होत्या. मग मी त्यांना माझ्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे सर्व्हरवरच्या माझ्या अंतर्गत नंबरावर, फोन करायला सांगितलं. लागला, आवाज स्वच्छ. मी त्यांच्या एक्स्टेन्शनवर उलटा लावला तर पुन्हा ती शांतता.

बिघाड निम्मा इथेच सापडला होता. एक्स्टेन्शनवरून एक्स्टेन्शनला जाणारा फोन बाहेरच्या लाइनीवर जातच नाही, म्हणजे नंबराआधी शून्य लावायचा की अधिक ९१ हा प्रश्नच मिटला. शिवाय नंबर चुकला तर सर्व्हर तिथल्या तिथे ४०४ सांगतो, परवानगी नसेल तर ४०३. 'नाही' म्हणायला त्याला वेळ लागत नाही. इथे तो बोलतच नव्हता. आणि मायक्रोफोनची परवानगी गेली असती तर आलेल्या फोनवर ताईंना माझा आवाज गेला नसता. दोष माझं घर आणि ऑफिसचा सर्व्हर यांच्या मधे कुठेतरी होता.

राउटरचं पान उघडलं. त्यात 'सिप एएलजी' नावाची एक सोय असते. सिप म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडायची ठरलेली भाषा. फोनचे संदेश राउटरने मधेच उघडून त्यातले पत्ते बदलावेत, यासाठी ती केलेली आहे. पण ती इतक्या ठिकाणी घोळ घालते की मी कुणाच्याही घरी गेलो तर आधी ती बंद करतो. इथेही केली, राउटर बंद-चालू केला. फरक शून्य. मग लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला आणि ताईंना लावला. पहिल्याच झटक्यात लागला!

हॉटस्पॉटवर सगळी यादी उरकता आली असती. पण सहकारनगरातल्या आमच्या मागच्या खोलीत मोबाइलची रेंज टिकत नाही, आणि फोन मधेच तुटला तर समोरचा म्हातारा माणूस घाबरतो. म्हणून ठरवलं की अर्धा तास द्यायचा आणि मूळ शोधायचं. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्ट्रोजर एक्स्चेंजवर होतो. ग्राहक डायल फिरवायचा तसा सिलेक्टर खटखट वर चढायचा आणि आडवा सरकायचा. रॅकसमोर उभं राहिलं की फोन कुठल्या टप्प्यावर अडला ते कानाला कळायचं. इंटरनेटच्या फोनला तसा आवाज नाही. पण वायरशार्क नावाचं सॉफ्टवेअर आहे. संगणकातून जाणारं आणि येणारं प्रत्येक पाकीट, म्हणजे मजकुराचा एकेक गठ्ठा, ते फुकटात दाखवतं. वरच्या पट्टीत फक्त 'सिप' लिहिलं की बाकीची गर्दी हटते आणि फोनचं बोलणं तेवढं उरतं.

ते बोलणं असं होतं. माझ्या प्रोग्रॅमने 'इन्व्हाइट' पाठवलं, म्हणजे अमक्याला फोन जोडा. सर्व्हरने ४०७ पाठवलं, म्हणजे आधी ओळख पटवा. हे रोजचंच असतं, बिघाड नाही. प्रोग्रॅमने पोच दिली आणि ओळखीचा मजकूर जोडून तेच 'इन्व्हाइट' पुन्हा पाठवलं. त्याला उत्तर नाही. अर्ध्या सेकंदाने परत पाठवलं, मग एक सेकंदाने, मग दोन, चार, आठ, सोळा. एकूण सात वेळा हाक मारली आणि बरोबर ३२ सेकंदांनी नाद सोडला. यूडीपीवर, म्हणजे पोच न घेता संदेश सोडून द्यायच्या पद्धतीत, उत्तर न आल्यास असंच करायचं हे सिपच्या नियमातच लिहिलंय. ती ३२ सेकंदं म्हणजे नुसती शांतता नव्हती. प्रोग्रॅम तेवढा वेळ हाका मारत होता.

पहिला संदेश पोचतो, त्याचं उत्तर येतं, आणि त्याच वाटेने लगेच गेलेला दुसरा संदेश नाहीसा होतो. हे कसं होईल? मी कितीतरी वेळ त्या दोन ओळी बघत बसलो. मग संदेशांच्या आकाराकडे लक्ष गेलं. पहिला संदेश १३०० बाइटच्या जरा पुढे होता, दुसरा १६०० च्या पुढे.

घरच्या नेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात, आमच्यासारख्या पीपीपीओई जोडणीवर (नाव-पासवर्ड देऊन नेट जोडायचा प्रकार) १४९२. त्याहून मोठा संदेश दोन तुकड्यांत जातो. पोर्ट नंबर, म्हणजे हा मजकूर कुणाचा आणि कुठल्या दाराशी द्यायचा ते, फक्त पहिल्या तुकड्यावर असतं. दुसरा तुकडा त्याशिवाय निघतो. वाटेतलं एखादं यंत्र असा बिनदाराचा तुकडा ओळखत नाही आणि टाकून देतं. एक तुकडा गेला की सगळा संदेश गेला. खात्री करायला सर्व्हरला १६०० बाइटचा पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी चाचणीची हाक, पाठवला. घरच्या नेटवरून उत्तर नाही, हॉटस्पॉटवरून लगेच. हिरव्या ठिपक्याचंही कोडं सुटलं. नोंदणीचा संदेश छोटा असतो, तो अख्खा जातो. येणाऱ्या फोनला प्रोग्रॅम जे उत्तर देतो तेही छोटं, कारण सर्व्हरने विचारलं तेवढ्यालाच होकार द्यायचा असतो. पसारा होतो तो आपण फोन लावताना.

शनिवारपर्यंत सगळं ठीक होतं, मग हा पसारा आला कुठून? रविवारी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आपोआप बसली होती. तिने व्हिडिओ चालू केला होता, आवाजाचे अर्धा डझन कोडेक (आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धती) यादीत घातले होते आणि लॅपटॉपचा प्रत्येक आयपी पत्ता संदेशात लिहायला सुरुवात केली होती. यातल्या एकेका गोष्टीच्या दोन-तीन ओळी वाढतात.

व्हिडिओ बंद केला. कोडेकमध्ये फक्त जी.७११ ए-लॉ ठेवला. भारतातलं टेलिफोनचं जाळं हाच ए-लॉ वापरत आलंय, सेकंदाला ६४ किलोबिट, आमच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये एका संभाषणाची वाट असायची तेवढीच. संदेश १२०० च्या खाली आला. ताईंना लावला, लागला.

कायमचा उपाय संध्याकाळी केला. ऑफिसचं नेटवर्क बघणाऱ्या मुलाने सर्व्हरवर टीसीपी, म्हणजे पोच घेत संदेश पाठवायची दुसरी पद्धत, उघडून दिलं आणि मी खात्याच्या सेटिंगमध्ये यूडीपीच्या जागी टीसीपी निवडलं. टीसीपी मजकुराचे भाग स्वतः पाडतं आणि प्रत्येक भागावर पोर्ट लिहितं, त्यामुळे वाटेत कुणी अडवत नाही. सिपचा नियमग्रंथ जून २००२ चा आहे. वाटेची मर्यादा माहीत नसेल आणि संदेश १३०० बाइटपेक्षा मोठा असेल तर यूडीपी वापरू नका, असं त्यात तेव्हाच लिहून ठेवलंय. खात्यात यूडीपी पक्कं केलेलं असलं की प्रोग्रॅम ते पाळत नाहीत, हा माझा खरा राग आहे. पडद्यावर 'टाइमआउट'ऐवजी 'संदेश फार मोठा झाला' एवढं जरी आलं असतं तरी माझी सकाळ वाचली असती.

आमच्या गटातल्या सगळ्यांना मी त्याच दिवशी दोन गोष्टी कळवल्या. प्रोग्रॅम नवा झाला की पहिला फोन आपसात लावून बघायचा, यादीतल्या कुणाला नाही. आणि कुणाला बरं नाही असं कळलं तर ११२ किंवा १०८ स्वतःच्या मोबाइलवरूनच लावायचा, लॅपटॉपवरून नाही. तातडीच्या वेळी नेमकी ३२ सेकंदं जाणं परवडणारं नाही.

आजींना फोन लागला तेव्हा पावणेबारा झाले होते. ताई तोवर त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. पहिल्याच रिंगला आजींनी उचलला. "आंघोळीला गेले आणि नेमका तुमचा फोन वाजला तर, म्हणून इथेच खुर्चीवर बसले होते हो," त्या म्हणाल्या. सकाळचा चहा तेवढा झाला होता. मी म्हटलं, आजी, आधी आंघोळ उरका, दोन घास खा, मी बरोबर एकला पुन्हा फोन करतो.

एकला केला. वरण-भात झाला होता.