आमची वाटचाल: बोटीच्या कुलरपासून रायफलच्या नळीपर्यंत

कुडाळच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. साफसफाईची रसायनं बनवतो. धंदा बाबांनी उभा केला, कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली त्या सुमारास, म्हणजे १९९८ च्या आसपास. तेव्हाची गिऱ्हाइकं मालवण-वेंगुर्ल्याचे ट्रॉलरवाले. इंजिनाच्या कुलरमधून समुद्राचं पाणी फिरतं, नळ्यांत क्षार धरतो आणि इंजिन तापायला लागतं. या नळ्या तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूच्या. क्षार विरघळायला हवा, नळीला मात्र ओरखडा जाता कामा नये. त्यासाठी आम्लात काय घालायचं, किती घालायचं, किती वेळ ठेवायचं, यातच बाबांची निम्मी हयात गेली. तांबं कशानं झिजतं आणि कशानं वाचतं, हे ज्ञान आमच्या घरात असं आलं.

बंदुकीच्या नळीच्या कामात सगळं उलट करावं लागलं. इथे तांबं काढायचं आणि पोलाद राखायचं.

हा विषय आणला सावंतवाडीकडच्या एका परवानाधारक शस्त्र-दुकानदारानं. त्याच्याकडे पॉइंट ३१५ च्या रायफली दुरुस्तीला येत. पश्चिम बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली ही रायफल देशभर परवानाधारकांच्या हातात आहे. तक्रार एकच, नेम पूर्वीसारखा लागत नाही. नळीतलं तांबं विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटची, म्हणजे द्रावाची, बाहेरून येणारी बाटली महाग, कधी मिळते, कधी महिनोन्महिने मिळत नाही. तो बाबांना म्हणाला, "तुम्ही तांब्याची माणसं, बघा काही जमतं का."

आधी अडचण नेमकी काय ते सांगतो. रायफलच्या गोळीच्या शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट असतं, साधारण ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. नळीच्या आतल्या आट्यांतून गोळी रेटली जाते तेव्हा त्या जॅकेटचा पातळ थर पोलादावर पुसला जातो. त्यावर दारूची काजळी बसते, तिच्यावर पुढच्या गोळीचं तांबं, परत काजळी. म्हणून नुसतं तांब्याचं औषध ओतून भागत नाही. आधी काजळी, मग तांबं, मग खालची काजळी, अशा पाळ्या कराव्या लागतात. टॉर्च मारून तोंडाशी पाहिलं तर आट्यांवर लालसर पट्टे दिसतात. ते दिसले म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. थोडं तांबं प्रत्येक नळीत राहतंच, आणि लख्ख धुतलेल्या नळीचे पहिले काही बार बहुधा इकडेतिकडे जातात. नेम बिघडला तर काढा, असं आमचं मत. साफसफाईचा गज सारखा आत-बाहेर करून नळीचं तोंड झिजवलेल्या रायफली मी पाहिल्या आहेत, आणि ते नुकसान कुठल्याही बाटलीनं भरून येत नाही.

आता सॉल्व्हंटकडे येतो. यात ठळक दोन वाटा आहेत. एक अमोनियाची. अमोनिया आणि हवेतला प्राणवायू मिळून तांबं विरघळवतात आणि नळीतून फिरवलेली चिंधी गडद निळी होऊन बाहेर येते. काम झपाट्यानं होतं, वासानं डोळ्यांतून पाणी येतं. दुसरी वाट बिनअमोनियाची. त्यात मोनोइथेनॉलअमाइनसारखी अमाइन (अमोनियाच्या कुळातली रसायनं) किंवा तांब्याला धरून ठेवणारी इतर द्रव्यं असतात. ती सावकाश चालतात, कधी रात्रभर ठेवावी लागतात, पण नाक झाकावं लागत नाही.

कागदावर अमोनियाच जिंकतो. आमच्या दुकानदारालाही तोच हवा होता. आम्ही दुसरी वाट घेतली, ती या किनाऱ्यामुळे.

अमोनिया पोलादाला तसा लागत नाही. पण तो पाण्यात विरघळवलेला असतो. नळीत ठेवून माणूस जेवायला गेला की अमोनिया उडून जातो आणि पाणी मागे राहतं. कोरड्या मुलखात तेही वाळून जाईल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज वर्षाला रंगवावे लागतात. अशा हवेत नळीत राहिलेला ओलावा गंज धरतो आणि त्याचे खड्डे पडतात. म्हणूनच तीव्र अमोनियाच्या बाटल्यांवर ठेवण्याची वेळ मिनिटांत छापलेली असते. आमचं गिऱ्हाईक घड्याळ लावून बसणारं नाही. तो बागायतदार आहे. मधेच कोणी हाक मारली तर तो कलमांत जाणार.

दुसरं कारण पितळेचं. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवली जात. काडतुसांच्या पितळी कवचांच्या माना आपोआप चिरत. पाऊस आला की चिरतात म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूचंच नाव पडलं. १९२१ साली कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि कवच घडवताना पितळेत राहून गेलेला ताण. माना तापवून तो ताण घालवला की चिरणं थांबलं. हे मी वाचलं तेव्हा लगेच डोळ्यांसमोर आलं ते आपल्याकडचं लोखंडी कपाट. बंदुकीचं सामान, तेल, गज आणि काडतुसांचं खोकं, सगळं त्याच एका कपाटात. वर पाऊस. तिथे सैल झाकणाची अमोनियाची बाटली ठेवायला देणं मला पटेना.

म्हणून अमाइनचं मिश्रण. चाचणीसाठी आम्ही स्वतः बंदूक किंवा काडतूस हाताळत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, नियम २०१६ चे, आणि तो परवाना आमच्याकडे नाही. युनिटमध्ये आम्ही जॅकेटच्या जातीच्या मिश्रधातूची पट्टी वजन करून द्रावात ठेवतो, काढून पुन्हा वजन करतो. शेजारी नळीच्या जातीच्या पोलादाची पट्टी. ती धुऊन पुसून वेंगुर्ल्याला एका मित्राच्या पडवीत, समुद्राकडच्या अंगाला टांगून ठेवतो. कपाटातली पट्टी काही सांगत नाही, वेंगुर्ल्याची सांगते. खरी नळी दुकानदार त्याच्या परवान्याखाली साफ करतो आणि चिंध्या आम्हाला आणून देतो.

त्या चिंध्यांतून एक गोष्ट लक्षात आली. काही नळ्यांच्या चिंध्या कितीही धुतलं तरी निळ्याच येत होत्या. नळी केव्हाच साफ झाली होती. निळं येत होतं ते ब्राँझच्या ब्रशचं आणि गजाच्या टोकाला चिंधी धरायला लावलेल्या पितळी जॅगचं. सॉल्व्हंटला नळीतलं तांबं आणि ब्रशातलं तांबं यांत फरक कळत नाही. तेव्हापासून बाटलीसोबत नायलॉनचा ब्रश आणि निकेलचा मुलामा दिलेला जॅग घ्यायला सांगतो. विकत नसतील घ्यायचे तर निदान ब्रश लगेच धुऊन ठेवा.

सॉल्व्हंटनंतरचं काम सॉल्व्हंटपेक्षा महत्त्वाचं. कोरड्या चिंध्या फिरवायच्या, मग पाणी ओढून घेणाऱ्या स्पिरिटची एक, मग परत कोरडी, आणि शेवटी तेलाची. ओल्या नळीत तेल घातलं तर पाणी तेलाखाली अडकतं. बार काढण्याआधी तेल पुसून काढायचं. एवढं आम्ही बाटलीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलं आहे. ब्लीचिंग पावडर किंवा फिनाईलच्या बाटलीशी काहीही मिसळू नका, हेही. अमोनिया किंवा अमाइन ब्लीचशी एकत्र आलं की विषारी वायू होतो.

आता धंद्याच्या दृष्टीनं अवघड वाटेल असं सांगतो. सिंधुदुर्गातल्या बहुतेक बंदुकांना आमच्या या बाटलीची गरजच नाही. इथे शेती संरक्षणाचे परवाने पुष्कळ, रानडुकरं आणि माकडांपायी घेतलेले. त्यातल्या कितीतरी बंदुका ठासणीच्या, बाकीच्या बारा बोअरच्या. त्यांत तांब्याचं जॅकेट नसतंच. आचारसंहिता संपून पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाली की लोक साफसफाईला निघतात, तेव्हा आमच्या दारात गर्दी होते. एक आजोबा आले होते, धोतराच्या सोग्यात पैसे बांधून.

"तांबां काढूचा औषध होया."

"काकानू, ठासणीची मां? मगे तुमच्या नळयेत तांबांच नाय. कढत पाणी, साबण, सुकी चिंधी आनि तेल. बस्स."

त्यांना वाटलं मी माल द्यायला टाळाटाळ करतोय. पण खरं तेच आहे. ठासणीत भरतात त्या काळ्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतलं पाणी ओढतात आणि नळी गंजवतात. क्षार पाण्यातच विरघळतात, तेलकट सॉल्व्हंटनं जात नाहीत. बारा बोअरला शिसं आणि प्लास्टिकच्या वॅडचा (छऱ्यांमागच्या बुचाचा) थर, त्याला ब्रश आणि साधं सॉल्व्हंट पुरतं. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, त्यानंतर मुलांना नेमबाजीला घालणारे पालकही विचारायला लागले. त्या प्रकाराची पॉइंट २२ ची गोळी शिशाची. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये तर दारूही नसते, फेल्टच्या गोळ्या फुंकून काढल्या की झालं. उलट सॉल्व्हंट आतल्या सिलांना लागलं तर नुकसान. या सगळ्यांना आम्ही परत पाठवतो. बाबांनी ट्रॉलरवाल्यांनाही असंच केलं होतं, कुलर नुसता चिखलानं तुंबला असेल तर गोड्या पाण्यानं धुवायला सांगायचे. ते ट्रॉलरवाले आजही आमचेच आहेत.

घरगुती उपायांचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. तांब्याची घागर आपण चिंचेनं, आमसुलानं उजळतो, म्हणून कोणी कोकमाचं आगळ नळीत ओततं. आगळ घागरीवरचा काळा थर काढतं. खालचं तांबं तसंच राहतं, तेव्हाच तर घागर चमकते. नळीतला थर हा खालच्या तांब्यासारखा, नुसता धातू. आगळ त्याला सोडेल आणि पोलादाला चावेल. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट साफ करायचं आम्ल, सगळ्यांचं तेच.

सध्या काम चालू आहे ते बाटलीच्या आकारावर. अर्धा लिटरची बाटली आम्ही दुकानांच्या मागणीवरून काढली. पण रायफल बाळगणारा इथला माणूस वर्षात मोजके बार काढतो. बाटली वर्षानुवर्षं उघडझाप होत राहते, ओलावा शिरतो आणि औषध मंदावतं. म्हणून ६० मिलीची, आत सीलबंद बूच असलेली बाटली करतो आहोत. वेंगुर्ल्याच्या पडवीत या पावसाळ्यात त्याच बाटल्या ठेवल्या आहेत, काही रोज उघडायच्या, काही बंदच. दसऱ्याला पट्ट्यांची वजनं घेऊ, आणि आकडे ठीक आले तर दिवाळीपासून मोठी बाटली फक्त दुरुस्तीवाल्यांना देऊ.