सासूबाईंचं ताट

"सासूबाईंना दिसत नाही, मग त्या जेवतात कशा? भरवावं लागतं का?" इंदूरला आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

नाही, भरवावं लागत नाही. आईंना काचबिंदू आहे. कडेची नजर गेली, समोरचं रुपयाएवढं उरलंय. ताटातला भात दिसतो, शेजारची वाटी नाही. पण आपल्या पद्धतीनं वाढलेलं पान त्यांना लहानपणापासून पाठ आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. बोटं टेकवत त्या नेमक्या पोचतात.

सुरुवातीला मी सोय म्हणून सगळं एका खोलगट थाळीत कालवून द्यायला लागले. तीन दिवस त्या अर्धपोटी उठल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, मी काय खातेय ते मला कळू दे की." फार लागलं मला ते. तेव्हापासून वाढण्याची जागा बदलत नाही. फक्त स्टीलचं ताट वापरणं बंद केलं. ट्यूबलाइटच्या चकाकीत त्यात पांढरा भात हरवायचा, गडद हिरव्या ताटलीत तो लगेच दिसतो.

डोळ्यांचं दुखणंही सगळीकडे सारखं नसतं. युरोपीय वंशाच्या म्हाताऱ्यांत पडद्याचा मधला भाग झिजणं जास्त, आफ्रिकी वंशाच्या लोकांत उघड्या कोनाचा काचबिंदू, पूर्व आशियात बंद कोनाचा; कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा. आपल्याकडे मोतीबिंदू आणि मधुमेह. मोतीबिंदू ऑपरेशननं निघतो. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही, डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे ते उरलेली नजर राखायला, म्हणून ते एक दिवसही चुकवू नयेत.

इथल्या सियागंज भागातल्या आमच्या ओळखीच्या बोहरी मावशींच्या नजरेसमोर मधुमेहामुळे काळे डाग येतात. त्यांच्याकडे सगळे एकाच मोठ्या थाळाभोवती बसतात, जेवण मिठाच्या चिमटीनं सुरू होतं. सून ती चिमूट त्यांच्या बोटावर ठेवते. मग ज्याच्या हाताशी जे असेल, ते तो मावशींच्या बाजूला सरकवत राहतो. कुणी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. मी ते बघितलं आणि घरी येऊन मुलांना वाढायला शिकवलं.

परवा धाकट्यानं चटणी उजवीकडे वाढली. आईंनी भाजी समजून मोठा घास घेतला, पाणी प्यायल्या आणि त्याला जवळ बसवून म्हणाल्या, "बाळा, डावी बाजू म्हण बघू." त्यानं त्यांचा हात धरून एकेका पदार्थावर नेला, नाव घेत घेत.