ओझोन उन्हात फुटतो, पण कुठल्या उन्हात?

कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. लोक उकाड्यानं वैतागलेले आणि मला पडलेलं असतं की आत्ता हवेतला ओझोन किती वेगानं फुटतोय. (घरच्यांनी नाद सोडलाय माझा.)

ओझोन तसा दिसणाऱ्या प्रकाशातही फुटतो, पण त्यातनं सुटलेला ऑक्सिजनचा अणू मवाळ, तो परत ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि झाला ओझोन, हिशोब जिथल्या तिथं. खरा दंगा साधारण 320 नॅनोमीटरच्या खालच्या वेव्हलेंथच्या (तरंगलांबीच्या) यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा. त्यातनं सुटणारा अणू लय गरम डोक्याचा, बहुतेक वेळा नायट्रोजन नाहीतर ऑक्सिजनला धडकून थंड होतो, पण पाण्याच्या वाफेला भिडला तर दोन ओएच रॅडिकल (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, कशालाही भिडणारे तुकडे) तयार, आणि हवेतला मिथेन, कार्बन मोनॉक्साइड साफ करतं ते हेच ओएच. भर दुपारी या वाटेनं फुटतात सेकंदाला लाखात साधारण 3-4 रेणू. या वेगालाच जे व्हॅल्यू म्हणतात.

आता मोजायची बोंब बघा. 300 नॅनोमीटरच्या खालचं ऊन आकाशात उंचावरचा ओझोनच गिळतो आणि 320 च्या पुढं फोटॉनमध्ये (प्रकाशाच्या कणात) दम उरत नाही, म्हणजे सगळा खेळ त्या चिंचोळ्या पट्टीत. तिथं ऊन इतकं कमी की स्पेक्ट्रोमीटरमध्ये (वेव्हलेंथनुसार ऊन मोजायच्या यंत्रात) बाकीचा प्रकाश जरा जरी सांडला तरी रीडिंग गेलं, खासबागेत कुस्ती रंगात असताना शेजारच्याची कुजबुज ऐकायची तसं. म्हणून डबल मोनोक्रोमेटर, म्हणजे हवी ती वेव्हलेंथ दोनदा गाळून घेणारं यंत्र. शिवाय रेणूला ऊन चारी बाजूंनी लागतं, त्यामुळं सगळीकडचं ऊन गोळा करायला सेन्सरवर दुधी घुमट असतो. मोबाईलवरचा यूव्ही इंडेक्स इथं चालत नाही, तो सपाट पृष्ठभागावर पडणाऱ्या उन्हाचा आणि कातडीच्या हिशोबाचा.

मॉडेलमध्ये प्रत्येक वेव्हलेंथला ऊन, ओझोनची शोषायची ताकद आणि तो गरम अणू सुटायची शक्यता, तिन्हींचा गुणाकार करून बेरीज मारायची. निरभ्र आकाशात उत्तर झकास येतं. ढग आले की वांदे, कारण तुटक ढगांच्या कडेनं ऊन उसळून आकडा निरभ्र आकाशापेक्षाही वर चढतो, आणि ढगाचा सपाट थर धरणाऱ्या मॉडेलला ते कळतच नाही. हिवाळ्यात उसाचं पाचट पेटवतात तो तपकिरी धूर तर यूव्हीच जास्त शोषतो, माझ्या मते आपल्याकडं आधी तो मोजला पाहिजे.

अमेरिकेतल्या एनकार (NCAR) या हवामान संशोधन संस्थेचं टीयूव्ही (TUV) मॉडेल असला हिशोब करतं, आणि ते फुकट आहे. कोल्हापूरचा अक्षांश 16.7 टाका, डोक्यावरचा एकूण ओझोन आधी 250 डॉबसन (तो मोजायचं एकक), मग 300 करा. ओझोन जेवढे टक्के चढतो त्यापेक्षा जास्तच टक्क्यांनी जे व्हॅल्यू पडते.